मार्ताबाईंची खिडकी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज

गेले एकदाचे! सकाळच्या धुळे गाडीने. दरवर्षीचा शिरस्ता — भाऊबीजेला साक्रीला थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे ओवाळून घ्यायचं, तिथून परस्पर मुंबई, मुंबईहून विमान, नॉर्वे. कारखान्यातलं पाइपचं मशीन तिकडचं आहे, म्हणून दर नोव्हेंबरात यांचं ट्रेनिंग. मी कुरकुरत नाही. माझा फायदाच आहे. लोकर येते!

बॅगेत माझी काठवट दिली. कणीक मळायची जुनी लाकडी काठवट, तोताराम भंगारवाल्याकडून आणलेली. घासून गुळगुळीत केली, निळा हात दिला आणि वर रोझमालिंग. नॉर्वेच्या खेड्यांतली ही फुलापानांची रंगकला. पेट्या, कपाटं, वाडगे — त्या लोकांना लाकूड दिसलं की ते रंगवणार. एकाच ब्रशवर दोन रंग घ्यायचे आणि लांब वळसा एका दमात ओढायचा. मध्ये थांबलं की संपलं. इतकी वर्षं शाळेत पोरांना चित्रकला शिकवतेय, पण स्वतःचा हात असा कधी सुटला नव्हता.

काठवट मार्ताबाईंना. त्यांचं तिकडे लोकरीचं दुकान आहे. हे २०१७ला पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्याकडून लोकर आणली आणि एक रंगवलेला चमचा. त्या चमच्याने मला खुळं केलं. दुकानाच्या दारात हे आणि मार्ताबाई, असा फोटो भिंतीवर आहे. तेव्हापासून त्यांची लोकर इकडे, माझी काठवट तिकडे. कोरोनाची दोन वर्षं तेवढी गेली. त्या मोबाइल वापरत नाहीत. म्हणायचं ते यांना सांगतात, हे येऊन मला सांगतात. पहिल्या काठवटीला म्हणाल्या होत्या, 'पानं जड झालीत. हात सैल सोडायला सांगा.' दोन दिवस रडले. मग हात सैल सोडला. आणि गेल्या वर्षीच्या काठवटीला — 'ही माझ्या गावची वाटते!' आमच्या शाळेत कुणी म्हटलंय असं कधी? 'मॅडम, रांगोळी झकास.' झालं!

पुढच्या वर्षी मला नेणार आहेत. हे गेल्या वर्षीही म्हणाले होते. पासपोर्ट कपाटात पडून आहे.

९ नोव्हेंबर

फोन आला. गुडघाभर बर्फ आहे म्हणे. व्हिडिओ लागत नाही, नेट कमी. मागे कोंबडा आरवला. मी म्हटलं, अहो, हा कोण? म्हणाले, 'इथेही असतात गं कोंबड्या.' असतील बाई. थंडीत आरवतो म्हणजे कमालच त्याची.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आले! दमलेत, जरा वाळलेतही. पण लोकर!! काळी आणि दुधी, गठ्ठाच आणलाय. मऊ किती! पहिल्या वर्षीची फार टोचायची. मी तेव्हाच सांगितलं होतं, पुढच्या वेळी मऊ बघा. तेव्हापासून न चुकता मऊच आणतात. एरवी बाजारातून मेथी सांगितली तर शेपू आणणारा माणूस!

काठवटीचं काय म्हणाल्या, हे मी पाणी द्यायच्या आधी विचारलं. म्हणाले, 'काही बोलल्या नाहीत. बराच वेळ बघत बसल्या. मग दुकानाच्या खिडकीत ठेवली. रोज स्वतः पुसतात.'

खिडकीत! येणारे-जाणारे बघत असतील. जळगावची काठवट!

मार्ताबाई उन्हाळ्यात ऐंशीच्या होणार, असंही बोलता बोलता निघालं. मी जेवताना ठरवून टाकलं. त्यांच्याच लोकरीचा त्यांनाच स्वेटर. पुढून उघडा, बटणांचा, आठ पाकळ्यांच्या चांदण्यांचा. हे म्हणाले, 'कशाला एवढं?' मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

८ डिसेंबर, रविवार

पहाटे चांगलंच गारठतंय. ट्रंकेतून स्वेटर काढले. दर वर्षीच्या लोकरीचा एकेक, असे पाच. पहिला टोचरा, बाकी चार मऊ. जळगावात पंधरा दिवस घालायचे आणि मेपर्यंत लोकांनी हसायचं! पण एकालाही कसर लागलेली नाही. इतक्या वर्षांत एक भोक नाही! डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला, दोन्ही घालते मी. शेजारची रूपाली म्हणाली, 'जपा काकू, कसर खऱ्या लोकरीलाच खाते. आमच्या बाजारच्या लोकरीला ती तोंडसुद्धा लावत नाही.' तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे, तिला या गोष्टी कळतात. मला तीन दिवस तेच आठवून बरं वाटत होतं.

मार्ताबाईंचा स्वेटर पाठीच्या अर्ध्यावर आला. गंमत अशी की पुढून उघडा असला तरी तो उघडा विणत नाहीत. गोलच गोल विणत जायचं, उशीच्या अभ्र्यासारखा. मग शेवटी पुढून मधोमध कात्रीने कापायचा. हो, कापायचा! खरी लोकर एकमेकीला धरून बसते, उसवत नाही. आतापर्यंत डोक्यातून घालायचेच केले होते. कापायची वेळ पहिल्यांदाच येणार. 

२९ डिसेंबर

चांदण्या खांद्यापर्यंत पोचल्या. हे रोज बघतात आणि काही बोलत नाहीत. दोन शब्द बोलायला काय जातं या माणसाचं? मार्ताबाई बऱ्या.

१२ जानेवारी २०२५, रविवार

लिहवत नाही. पण लिहिते.

रूपालीला बोलावलं होतं. तिने मशीन उघडून ठेवलं होतं. म्हणाली, 'काकू, कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी शिलाई मारून देते. दोन मिनिटांचं काम.' मी म्हटलं, नको. खऱ्या लोकरीला शिलाई लागत नाही. ती म्हणाली, 'तरी पण.' मी म्हटलं, नॉर्वेची आहे ती रूपाली, तुझ्या दुकानातली नाही!

कात्री घेतली. खालून वर, सरळ. कापताना काही झालं नाही. मी हसलेसुद्धा! मग जरा ताणून बघितलं.

धावलं. कडेचे टाके एकापाठी एक निसटत गेले. मी धरायला गेले की दुसरीकडून सुटत. रूपालीने टाचण्या लावल्या, टाचण्यांतूनही निसटलं. दोन चांदण्या माझ्या डोळ्यांदेखत दोऱ्याच्या गुंत्यात गेल्या. दीड महिना!

हे दारात उभे होते. पांढरेफटक. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटतंय.

१३ जानेवारी

रूपाली सकाळी आली. एक धागा तोडला आणि काडी लावली. लोकर जळली की जळक्या केसाचा वास येतो, राख भुगा होते. हा धागा वितळला. टोकाला काळा टणक मणी, आणि वास प्लास्टिकचा. पुन्हा लावली काडी. पुन्हा मणी. 'ॲक्रिलिक आहे काकू. आपल्याकडची बाजारची.'

मार्ताबाईंनी फसवलं!

इतका संताप कधी आला नव्हता. हिंदुस्थानातल्या बाईला काय कळतंय, द्या काहीतरी बांधून! आणि माझी काठवट खिडकीत मांडून बसायचं! भिंतीवरचा फोटो काढून ओट्याखाली टाकला. यांना म्हटलं, कंपनीतून नंबर काढा, फोन लावा, मी बोलते, मोडकंतोडकं इंग्रजी येतं मला. लुटारू म्हातारी. तोंडात येईल ते बोलले.

हे जेवले नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी फोटो ओट्याखालून काढून पुसत बसले होते. म्हणाले, 'मार्ताबाईंना नावं ठेवू नकोस. त्यांनी काही केलं नाही.'

आणि मग सांगितलं.

यंदा नॉर्वेला गेलेच नाहीत. कंपनीने कुंदनला पाठवलं, तो नवा मुलगा. घरी सांगायची लाज वाटली. सगळ्या गल्लीला माहीत, प्रेमराज दरवर्षी परदेशात जातो. भाऊबीजेला साक्रीला गेले ते तिथेच राहिले. अक्कांच्या मागच्या खोलीत. लोकर धुळ्याला आग्रा रोडवरून घेतली. काठवट? तीही साक्रीलाच.

'आणि खिडकी?'

परत फोटो पुसायला लागले.

'आणि रोज पुसतात म्हणालात?'

फडकं ठेवून उठले.

तीळगूळ घेऊन बायका यायला लागल्या. मी सगळ्यांशी गोड बोलले. दिवसभर.

१५ जानेवारी

आजपासून 'हे' बंद. प्रेमराज. निदान या वहीत तरी.

नाही पाठवलं कंपनीने तर काय आभाळ कोसळलं असतं का? मी काय म्हणाले असते? 'बरं, चहा घ्या' म्हणाले असते. त्यापेक्षा हा माणूस बर्फ रचतो, कोंबडा रचतो, ऐंशी वर्षांची म्हातारी माझ्या काठवटीसमोर बसवतो! आणि मी खुळी, तिच्या मापाचा स्वेटर विणते, तो रोज बघतो, आणि एक दिवससुद्धा म्हणत नाही की थांब. दीड महिना मला विणू दिलं. कात्री हातात घेऊ दिली!

स्वेटर ट्रंकेत कोंबले. गोळ्या नाहीत, पाला नाही. जाऊ दे सगळं मसणात.

१८ जानेवारी, शनिवार

अक्कांना फोन केला. खरं-खोटं बघायला. दुसरी कुणी बाई आहे का, हेही डोक्यात येऊन गेलं, लपवत कशाला? अक्का नेहमीसारख्या मोकळ्या. 'हां, आठेच व्हता ना. दरसालना मायेक यंदाबी उना. काब्र वं, काय झायं?' मी म्हटलं, काही नाही, सहज. इथेच होता, दरसालसारखा यंदाही आला म्हणे. भाऊबीजेला दरसाल जातोच तो. म्हणजे एवढं तरी खरं बोललाय.

२ फेब्रुवारी, रविवार

वीस दिवसांनी आज नीट बोललो. मी विचारलं, आधीच्या वर्षांचं काय? त्याने डोळ्यात बघून सांगितलं, 'यंदाच फक्त. आईशप्पथ.'

रूपाली म्हणते, 'काकू, ट्रंकेतले स्वेटर आहेत ना, एकेक धागा जाळून बघा. काडेपेटी देऊ?' मी नाही म्हटलं. नवऱ्याच्या शपथेला काडी लावून बघायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. एकदा चुकला. माणूस आहे. आणि मला हवं ते तसंच आहे — 'ही माझ्या गावची वाटते.' ते गेल्या वर्षीचं. ते यंदाच्या खोट्यात येत नाही. फोटो परत भिंतीवर लावला. मार्ताबाईंची मनातल्या मनात माफीही मागितली.

आज परत ब्रश हातात घेतला. हात आखडलाय.

२३ फेब्रुवारी

त्याला म्हटलं, पत्ता दे. ट्रंकेतला एखादा जुना स्वेटर मीच पोस्टाने पाठवते मार्ताबाईंना, ऐंशीच्या होतायत. 'बघतो' म्हणाला. दोनदा विचारलं. दोनदा 'बघतो'.

१६ मार्च, रविवार

होळी झाली, ऊन तापायला लागलं. ट्रंक गच्चीवर नेली, ऊन द्यायला. उघडली आणि कोरडा भुगा उडाला. कसर! मनात म्हटलं, घे, रागाच्या भरात गोळ्या टाकल्या नाहीस ना, आता भोग. सगळे गेले असणार.

पहिला काढला. टोचरा, २०१७चा. चाळणी झालीय त्याची. बाही तर हातातच आली.

दुसरा काढला. एक भोक नाही. तिसरा. चौथा. पाचवा. उन्हात धरून बघितले. उलटे करून बघितले. नव्यासारखे! त्या चाळणीला चिकटून दोन महिने होते, तरी एक टाका खाल्लेला नाही.

'बाजारच्या लोकरीला ती तोंडसुद्धा लावत नाही.'

कठड्याला टेकून किती वेळ बसले कुणास ठाऊक. तळवे भाजले तेव्हा कळलं की अनवाणी आहे. एकदाच गेला होता तो. एकदाच! २०१७ला. बाकी सगळ्या वर्षी धुळ्याचा आग्रा रोड. अक्कांनी सांगितलं होतं की मला, दरसालना मायेक! मीच ऐकलं नाही. आणि तो शपथ घेत होता तेव्हा भिंतीवर आईचा फोटो होता.

काडी लावायची गरजच पडली नाही. किड्यांना कळलं आणि मला नाही. आणि मी कशावर फुशारले होते? तर कसर लागत नाही यावर!

संध्याकाळ

नवरा नॉर्वेला गेला नाही, याचं मला काही नाही. खरंच नाही. पण मार्ताबाईंनी माझी एकही काठवट पाहिली नाही. 'पानं जड झालीत' नाही, 'माझ्या गावची वाटते' नाही, काहीच नाही. या जन्मात मला एकाच माणसाने सांगितलं होतं की तुझ्यात काहीतरी आहे. ते माणूसच नव्हतं. मी कुणासाठी सुधारत होते? कुणासाठी हात सैल सोडला?

ब्रश धुऊन डब्यात भरले. रंगाचे डबे रूपालीच्या पुतणीला देऊन टाकले.

१७ मार्च

त्याला विचारलं नाही. विचारलं तर तो परत काहीतरी सांगेल. ते छानच असेल.

२० एप्रिल, रविवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा दिवसांवर आली. अक्का माहेरपणाला आमच्याकडे येतात, सत्तरीला टेकल्या तरी हौस आहे. त्यांना आणायला मुराळी म्हणून दरवर्षी प्रेमराज जातो. आज म्हटलं, यंदा मी जाते. भाजी चिरत होता, हात थांबला. 'बाई कधी मुराळी जाते का?' यंदा जाईल! 'उन्हात कशाला त्रास...' मी म्हटलं, मला तुझी ती मागची खोली बघायचीय. नॉर्वे म्हणून पाच वेळा ज्या गावाला गेलास ते गाव तरी बघू दे.

चेहरा पडला. त्याला कळलं की मला कळलंय. तो परत चिरायला लागला. अख्खी भेंडी चिरून झाली.

काठवटी आणणार आहे. चुलीत घालीन, पण तिथे ठेवणार नाही. अक्कांनी एव्हाना त्यात मिरच्या वाळत घातल्या असतील. पीठ मळत असतील माझ्या फुलांवर.

२८ एप्रिल, सोमवार. साक्री

धुळ्याला गाडी बदलली, दुपारी पोचले. अक्का चहा टाकतायत. मी मागच्या खोलीत आहे, त्याच्या खाटेवर. कोंबडा अंगणातच आहे. भर दुपारी आरवतो मेला.

खोलीला एक खिडकी आहे. खिडकीत माझ्या काठवटी. पाचही. वर्षाच्या ओळीने मांडलेल्या, एकीवरही धूळ नाही, मिरच्या नाहीत. खाली घडी घालून एक मऊ फडकं.

अक्का चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, 'त्या नको उचलू वं, तो रागे भरस. कोनले हात लावू देत नही. येस तव्हय रोज पुसस, आन् आठेच बशीसन दखत ऱ्हास. तो गया का मंग मी पुसस, त्यानीच सांगेल शे.'

येतो तेव्हा रोज पुसतो, इथेच बसून बघत राहतो! पहिली काठवट हातात घेतली. उजेडात धरली. पानं खरंच जड आहेत.

म्हणजे बघणारं कुणीतरी होतं. एवढं दिसत होतं या माणसाला. घरात, माझ्या शेजारी बसून, स्वतःच्या तोंडाने एकदा म्हणाला असता — तर मला नॉर्वे कशाला लागलं असतं?